चार बोटं

चाकाच्या वर, मडगार्डच्या खाली
वडिलांनी हात घातला आणि मोजलं:
चार बोटं, वर आडवा अंगठा.
"कंपनीनं एवढी जागा सोडली," म्हणाले,
"तुले कायले बुजवायची, भो?"

एस्टीम. अठ्ठ्याण्णवची. तिसऱ्या हाताची.
लुगडं वर खोचून
नाला ओलांडणाऱ्या बाईसारखी उभी राहते.
मला ती खाली हवी होती,
रस्त्याला कान लावलेली.

सावद्याहून फैजपूरला जाताना
केळीच्या वखारीसमोर रुबाब तडवीचं गॅरेज.
मे महिना. पत्र्याखाली पाना उचलला की हात पोळतो,
म्हणून तो पाने बादलीत बुडवून ठेवतो.
मी मोबाइल पुढं केला.

सगळ्यात स्वस्त: आहे तीच स्प्रिंग,
ग्राइंडरनं दीड वेढा कापायचा.
"कापणारे आहेत," रुबाब म्हणाला, "भुसावळले जा.
खड्ड्यात चाक लटकलं का स्प्रिंग जागा सोडते.
मंग परत बसली तर बसली.
मी नाही कापत."

मग पुण्याहून येणारी लाल कॉइलओव्हर,
आटे पाडलेली नळी, रिंग फिरवली की गाडी वरखाली,
मऊ-कडक करायला बत्तीस टिचक्या.
रुबाबनं किंमत पाहिली, मग गाडी पाहिली,
मग पुन्हा किंमत,
आणि बिडी पेटवली.

राहिल्या आखूड स्प्रिंगा.
पस्तीस मिलिमीटर, नाहीतर साठ.
मी साठवर बोट ठेवलं.
"साठले शॉकॲब्सॉर्बर पण आखूड लागतीन.
जुना ठेवला तर दांडा तळाले आपटतो,
तीन महिन्यांत तेल ओकतो.
मागच्या शीटवर कोन बसतं?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं.

आई बसते, म्हटलं. गुडघ्याला पट्टा बांधून.
यावलहून अक्का आली की ती, तिची दोन पोरं,
मांडीवर कळण्याच्या पिठाचा डबा.

रुबाबनं वखारीकडं तोंड करून हाक मारली.
तिघं हमाल आले,
बनियनवर चिकाचे काळे डाग,
डोक्यावर अजून चुंबळ.
"बसा," म्हणाला. बसले. पुढं मी.
एस्टीमनं उसासा टाकला
आणि खाली गेली.
त्यानं चाकावर हात घातला.
"दोन बोटं. झाली तुझी गाडी लो. पैसे नको देऊ."
मागून एकानं विचारलं, "एसी चालू कर ना, शेठ."

घरी हे सांगितलं तेव्हा वडील हसले नाहीत.
तीस वर्षं त्यांनी ट्रकला पाटे वाढवले,
नऊचे अकरा, अकराचे तेरा,
रावेरची केळी दिल्लीला न्यायला.
गाडी बसली, हा शब्द घरात हळू आवाजात यायचा.
गाडी बसली म्हणजे ते कुठल्यातरी घाटात,
दोन रात्री, एकटे,
पाठीमागं पिवळा होत जाणारा माल.
आणि मी पैसे मोजून गाडी बसवत होतो.

घेतल्या तरी. पस्तीसच्या.
खोक्यातून निघाल्या तेव्हा इतक्या निळ्या
की रुबाबची लहान मुलगी एक घेऊन पळाली,
बांगडी म्हणून कोपरापर्यंत घालून आली.
दुपारभर काम चाललं. अलाइनमेंटला फैजपूर.
ग्रामपंचायतीचा गतिरोधक आता मी तिरका घेतो,
आधी एक चाक, मग दुसरं,
मागून आई म्हणते, "हं",
लागलं म्हणून की नाही लागलं म्हणून, कळत नाही.

जुन्या स्प्रिंगा वडिलांनी रॉकेलनं पुसल्या,
ग्रीस लावलं, गोणपाटात बांधून माळ्यावर टाकल्या.
"विकशीन तवा लागतीन."

काल रात्री वीज गेली म्हणून बाहेर आलो
तर ते गाडीजवळ वाकलेले.
बोटं चाकावर. दोन, आणि तिसरं जरा तिरपं.
मोजून झालं होतं, तरी हात काढला नव्हता,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात
तसा.